मांदेलीचा रिपोर्ट

आमच्या दादाच्या मुलीला अजूनही अर्धं गाव मांदेली म्हणतं. मांदेली म्हणजे ती बोटाएवढी, पिवळट चमकणारी मासळी, तळली की काट्यासकट कुरकुर खायची, तीच. पोरीचं खरं नाव वेगळं आहे, छान आहे, मीच ठेवलंय, आणि ते मी इथं अजिबात सांगणार नाही. पण मांदेली का म्हणतात ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी हे सगळं सांगितलं होतं, आणि तिची जिलेबी हातातच राहिली होती.

तर. कोरोनाचं वर्ष. मी नर्सिंग संपवून नुकतीच नोकरीला लागले होते, थळच्या बाजूच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये. छोटं म्हणजे इतकं छोटं की बाळंतिणीचा वॉर्ड आणि बाकीचा वॉर्ड यांच्यात एक पडदा आणि एक कपाट. मी हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत राहायचे. घर रेवसच्या वाटेवर, गाडीनं अर्धा तास, पण कित्येक महिने मी घराचा उंबरा बघितला नव्हता. घरी आई, दादा, पोटुशी वहिनी, आणि मी दिवसभर खोकणाऱ्या माणसांत. कशी जाणार?

आणि मग वहिनीला मुलगी झाली. तिच्या माहेरी दोघं पॉझिटिव्ह निघाल्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच होतं. म्हणजे बाळ आमच्या घरात, आमच्या ओटीवर, माझ्या जुन्या पाळण्यात, आणि मी सोडून सगळे तिच्याजवळ. मला बाळ दिसायचं फक्त व्हिडिओ कॉलवर, आणि आमच्या आईला फोन धरता येत नाही. ती फोन असा धरायची की अर्ध्या पडद्यावर पंख्याचं पातं आणि अर्ध्या पडद्यावर बाळाचा एक कान. मी ओरडायचे, आई, तोंड दाखव. आई म्हणायची, हे काय, दाखवतेय ना. परत कान. इतका मऊ, गुलाबी, दुमडलेला कान की माझं काळीज तिथंच. दादा म्हणाला, आत्याला कानच लागतो, बाकीचं बाळ काय करायचंय.

ते मात्र खरं होतं. आमच्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. वाकायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच क्षणाला मागे उभ्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. मी लहानपणापासून दुसऱ्या आत्यांच्या पाठी बडवत आले होते आणि माझ्या पाळीची वाट बघत होते. सख्खी आत्या मी एकटी. नाव तर मी वहिनीला तिसरा महिना होता तेव्हाच ठरवलं होतं, मुलाचं एक, मुलीचं एक. कोणालाही सांगितलं नाही. दादानं कितीदा काढून घ्यायचा प्रयत्न केला, वहिनीनं तर लाच म्हणून तिची मोरपंखी साडी देऊ केली. मी गप्प. माझ्या आयुष्यात मी गप्प राहिलेली ही एकच गोष्ट.

बारसं रविवारी ठरलं. घरातलीच माणसं, मास्क लावून, पण घुगऱ्या होणार, पाळणा सजणार.

आणि माझी चुलत बहीण टपून बसली होती. काकाची मुलगी, शेजारचंच घर, माझ्यापेक्षा थोडी मोठी आणि जिभेनं बरीच मोठी. ती रोज बाळाला मांडीवर घेऊन स्वतःचाच फोटो काढायची, त्यात बाळाचं नुसतं दुपट्यातलं गाठोडं दिसायचं, आणि मला पाठवायची, खाली लिहायची, 'आत्या ड्युटीवर'. म्हणजे ती. एकदा तर तिनं पाठ आरशात दाखवून फोटो पाठवला, की बघ, धपाटे खायला माझी पाठ तुझ्यापेक्षा रुंद हाय. मी त्या फोटोला रागानं उत्तर दिलं आणि मग मला हसूच आवरेना.

आता हॉस्पिटलचं सांगते.

आमच्या गेटवर मामा. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, थळच्या कोळीवाड्यातले, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, डॉक्टर मॅडमसुद्धा. सकाळी आत येणाऱ्या स्टाफचा ताप बघायची बंदूक मामांच्या हातात असायची, पण त्या बंदुकीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, कारण तिनं एकदा गेटच्या खांबालाही ताप दाखवला होता. म्हणून मामांनी स्वतःची टेस्ट काढली होती. घरून आणलेली एक बरणी, आत सुके बोंबील. कोरोना झाला की वास जातो हे सगळ्यांना माहीत झालेलं. मग गेटवर उभं राहायचं, मास्क खाली करायचा, बरणीत नाक घालायचं आणि मामांना सांगायचं, येतोय. मामा म्हणायचे, जा आत.

आम्हाला ही टेस्ट फार आवडायची. खरंच सांगते, त्या वासानं पोटात इतकं बरं वाटायचं. आज पण मी वाचले, असं. कोणी मुद्दाम नाक लांब करून दोनदा वास घ्यायचं, कोणी म्हणायचं मामा, आज बोंबील जरा नरम झालेत, उन्हाला ठेवा. मॅडम मागच्या दारानं यायच्या, त्यामुळे त्यांना या बरणीचा पत्ता नव्हता. दादाला मी फोनवर ही टेस्ट सांगितली तर तो खूश. म्हणाला, मग तुला वास येतोय ना रोज, ये की बारशाला, कशाला घाबरतेस.

आणि मला ते पटत होतं. हे आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला ते पटत होतं. मला ना ताप, ना खोकला. भूक तर अशी की मी दुसऱ्यांच्या डब्यातलं खात होते.

त्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना पडद्याच्या अलीकडे उभं केलं आणि सांगितलं, गुरुवारी सगळ्या स्टाफचा स्वॅब घ्यायचा. ज्यांना काहीही होत नाहीये त्यांचा. इथून पुढे दर आठवड्याला.

मामांनी हात वर केला. ते म्हणाले की ठणठणीत माणसाच्या नाकात काडी घालून काय मोती निघणार आहेत का, आणि सगळे हसले, मी तर सर्वांत जोरात.

मॅडम हसल्या नाहीत. "ज्याला खोकला आहे तो घरी बसतो, मामा," त्या म्हणाल्या. "ज्याला काहीच होत नाही तो वॉर्डभर हिंडतो. पडद्यापलीकडे बाळंतिणी आहेत. मला हिंडणाऱ्यांची भीती वाटते."

मग सगळे पांगले. मी हळूच जाऊन मॅडमना बारशाचं विचारलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर रविवारी सकाळी जा, नाही आला तर नाही. मी म्हटलं नक्की निगेटिव्ह येणार, मॅडम, मला काहीच होत नाहीये. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की, आत्ता पाच मिनिटांपूर्वी मी काय सांगितलं?

गुरुवारी सगळ्यांचे स्वॅब मीच घेतले. महिनोन् महिने तेच करत होते ना. मी सगळ्यांना सांगायचे, डोळे मिटा आणि समुद्रावर उभे आहात असं समजा. हे पनवेलहून आलेल्या माणसांना चालायचं. कोळीवाड्यातली एक काकी म्हणाली होती, समुद्र तर रोज बघते, दुसरं कायतरी सांग, मग मी तिला महाबळेश्वरला पाठवलं होतं. मामांनी डोळे मिटलेच नाहीत. काडी आत गेली तसे ते टाचांवर उभे राहिले, मग चवड्यांवर, मग एकदम शांत झाले आणि दोन्ही डोळ्यांतून धारा. म्हणाले, पोरी, हे तू रोज इतक्या जणांना करतेस आणि अजून कोणी तुला मारलं कसं न्हाय.

माझा स्वॅब मॅडमनी घेतला. आणि मी, जी रोज सगळ्यांना सांगते की हात मध्ये आणू नका, मी मॅडमचं मनगट गच्च धरलं. त्या म्हणाल्या, समुद्रावर उभी आहेस असं समज. मला इतकं हसू आलं की काडी परत घालावी लागली.

आता डब्याची गंमत. आमचे नमुने मुंबईच्या लॅबला जायचे. लाँच पुन्हा चालू झाल्या होत्या, मोजकी माणसं घेऊन. मामा सकाळी थर्माकोलचा डबा स्कूटरवर घालून रेवसला न्यायचे, लाँचवरच्या ओळखीच्या खलाशाकडे द्यायचे, आणि भाऊच्या धक्क्यावर लॅबचा माणूस तो उतरवून घ्यायचा. डब्यात बर्फ, बर्फात सीलबंद पिशव्या, पिशव्यांत गुलाबी पाण्याच्या नळ्या. वर लाल स्टिकर, 'तातडीचे नमुने, सरळ ठेवा'.

पण औषधांचे, लसींचे असे किती डबे आमच्याकडे रिकामे पडायचे. आणि मामांची बायको, आमची मामी, मासळी विकते. चांगला जाड थर्माकोलचा डबा, झाकणासकट, फुकट. कोणता कोळी सोडेल? मामीच्या घरात आमचे स्टिकर लावलेले डबे एकावर एक रचलेले असायचे. बर्फ टिकतो म्हणायची, आणि वर लिहिलंय म्हणून लोक सरळ पण ठेवतात.

त्या शुक्रवारी मामीला मुंबईला तिच्या लेकीकडे मांदेली पाठवायची होती, जावई धक्क्यावर येऊन डबा घेणार होता. मामा तसेही रेवसला जातच होते. त्यांनी दोन्ही डबे स्कूटरवर घेतले, एक पुढे, एक मागे. दोन्हींवर लाल स्टिकर. दोन्हींना जाळ्याची सुतळी, आणि दोन्हींना तीच गाठ, कारण मामा होडी बांधतात तशीच गाठ सगळ्याला मारतात, सलाइनच्या स्टँडलासुद्धा. एरवी त्यांनी वासावरून ओळखलं असतं. पण आदल्या दिवशीच्या काडीनं घाबरून त्यांनी त्या दिवशी एकावर एक दोन मास्क लावले होते.

दुपारी फोन वाजला. मी उचलला. लॅबमधली बाई होती, आवाज अगदी सरकारी. तिनं आधी हॉस्पिटलचं नाव विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमचे नमुने मिळाले. पण त्यांना डोळे आहेत."

मला कळेना. मी म्हटलं, काय आहेत?

"डोळे. आणि शेपट्या. बर्फ छान आहे, ताजी दिसतेय. बाकी एक बरं झालं, आमच्या अख्ख्या मजल्याला वास आला. म्हणजे आज आम्ही सगळे ठीक आहोत."

मी फोनवर हात ठेवून इतकी हसले की पडद्यापलीकडून बाळंतीण विचारायला लागली काय झालं. आणि हसता हसताच मला एकदम लख्ख कळलं. मांदेली तिकडे आहे, तर माझा स्वॅब कुठे आहे? माझा रविवार कुठे आहे?

मामा जिना चढून वर आले, त्यांच्याही हातात फोन. पलीकडे त्यांचा जावई. मामांनी स्पीकर लावला. जावई बिचारा अगदी अदबीनं बोलत होता, सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. "बाबा, डबा पोचला. पण यात मांदेली न्हाय. सरबताच्या बारक्या बाटल्या हायत, गुलाबी. आणि ही म्हणतेय, प्यायच्या का फ्रीजमध्ये ठेवायच्या?"

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी मामांच्या हातातला फोन घेतला आणि मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पिशवी उघडली का? जावई म्हणाला न्हाय, बाहेरूनच बघितलं. मॅडम म्हणाल्या, झाकण लावा, साबणानं हात धुवा, डबा गॅलरीत ठेवा, आणि मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका, लॅबचा माणूस येतोय. मग त्या खुर्चीत बसल्या. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतायत. हसत होत्या. मास्कच्या आत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी.

पण ते झाल्यावर त्यांनी जे फैलावर घेतलं. डब्यांची चौकशी झाली, स्टिकर फाडल्याशिवाय रिकामा डबा गेटबाहेर जाणार नाही असं ठरलं. आणि त्या भानगडीत, मामा स्वतःला वाचवायला म्हणून बोलून गेले की लॅबच्या बाईचं बरोबरच हाय, वास येतोय म्हणजे माणूस ठीक, आम्ही तर रोज बघतो. मॅडम म्हणाल्या, रोज काय बघता? बरणी निघाली.

मॅडमनी बरणी हातात घेतली. झाकण नाही उघडलं. त्यांनी फक्त विचारलं, मास्क खाली करून, सगळे जण, एकाच बरणीत नाक घालता? बरणी मॅडमच्या कपाटात गेली, कुलूप लागलं, आणि पुढे कित्येक दिवस त्या कपाटातल्या फायलींना कोळीवाड्याचा वास यायचा.

गुलाबी नळ्यांचा बर्फ वितळून गेलेला होता, ते नमुने काही कामाचे राहिले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा सगळ्यांच्या नाकात काड्या. या वेळी कोणी हसलं नाही. मामा खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसले आणि स्वतःच म्हणाले, महाबळेश्वर. शनिवारी सकाळी ते एकच डबा घेऊन गेले, मांडीवर लेकरू धरावं तसा रिक्षात धरून, आणि लाँच सुटेपर्यंत जेटीवरून हलले नाहीत. मला मात्र धाकधूक, की रिपोर्ट रविवारच्या आत येतोय की नाही. पॉझिटिव्ह येईल असं मनातही नव्हतं. उशीर झाला तर काय, एवढीच चिंता.

रविवारी मी सकाळी न्हाले. पिस्ता रंगाची साडी नेसले. बाळासाठी घेतलेले चांदीचे वाळे पिशवीत, दादाला सांगून ठेवलं होतं की तयार राहा, फोन केला की बाइक काढ. आणि मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, पदर सारखा करत, मनात नाव घोकत. मधूनच कुर्रर्र पण करून बघितलं, घसा साफ आहे ना ते बघायला. पुसायला आलेल्या मावशी म्हणाल्या, काय गं, कबूतर गिळलंस काय?

मॅडम बाहेर आल्या त्या मास्कवर मास्क लावूनच, आणि लांब उभ्या राहिल्या. त्या लांब उभ्या राहिल्या तिथंच मला कळायला हवं होतं.

सगळे निगेटिव्ह. मामा, मावशी, मॅडम, सगळे. मी सोडून.

मी म्हटलं, चुकलं असेल, मॅडम. डबा परत बदलला असेल. मला काहीच होत नाहीये. मी पायरीवरून उड्या मारून दाखवल्या असत्या. मी म्हटलं, मला बोंबलाचा वास येतोय, आत्ता येतोय, इथून, तुमच्या कपाटातून येतोय.

मॅडम म्हणाल्या, "मलाही येतोय, बाळा. बोंबलाला कळत नाही."

मी साडी नेसूनच खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला नीट दिसलं ते. मी गेले असते. दादा बोलला होता, मला पटलं होतं, बरणीनं रोज पास केलं होतं. मी वाकले असते आणि माझं तोंड त्या कानाला लावलं असतं. तोच कान. नाव सांगायला मास्क खाली केला असता, कारण मास्कमधून कोण नाव सांगतं? मग मी रडले, जोरात, उशीत तोंड घालून. पण जास्त वेळ नाही, कारण घरी घुगऱ्या शिजल्या होत्या आणि फोन करायचा होता.

आईनं फोन उचलला, व्हिडिओवर. पंख्याचं पातं, कान. मी सांगितलं. पातं फिरत राहिलं. मग मागून दादाचा आवाज आला, पण वास, आणि मी म्हटलं दादा, वासाचं नाव काढू नकोस.

मी म्हटलं, फोन तिला द्या. चुलत बहिणीला. ती आली समोर, नवी साडी, केसांत गजरा, अगदी तयारीत. मला वाटलं आता टोमणा येणार. मी पटकन बोलून टाकलं, थांबले असते तर जमलं नसतं. "फोन कानाला लाव. नाव सांगते. तू सांग तिला."

ती फोन कानाला लावेना.

"अगं लाव ना. माणसं जमलीत, पाळणा बांधलाय. तुलाच हवं होतं ना?"

"मना पाठ बडवून घ्यायची होती," ती म्हणाली. "नाव न्हाय ऐकायचं. नाव तुझ्या पोटात हाय ते तिथंच राहू दे."

"मग बारसं?"

"व्हईल तू आलीस की. घुगऱ्या आम्ही खातो. आणि धपाटे ठेवते बाजूला, एक पण कमी न्हाय करणार."

मागे वहिनी पाळण्याजवळ बसली होती. ती फक्त म्हणाली, माझी पोर काय पळून चाललीय? आणि फोन तिच्या हातात गेला आणि तिनं तो सरळ धरला, आणि मी पहिल्यांदा बाळाचं तोंड बघितलं. पूर्ण. तेल-हळद चोळून पिवळीधम्मक चमकत होती, इवलीशी, तोंड उघडं. दादानं आधीच डब्याची गोष्ट सगळ्या घराला तीनदा सांगून झालेली. तो म्हणाला, नाव येईपर्यंत काय म्हणायचं हिला? ही तर मांदेलीच दिसतेय. सगळे हसले. बस. तिथून ते चिकटलं.

मग माझे कोंडलेले दिवस. मला वाटलं, आता होईल काहीतरी. ताप येईल, अंग दुखेल. मी वाट बघत बसायचे. काही नाही. मी साबणाचा वास घेतला, चपलेचा घेतला, उशीचा घेतला, सगळं व्यवस्थित. बेंबीच्या देठापासून गाणी म्हटली, दम लागला नाही. मला तर राग यायला लागला, की इतकी धडधाकट मी आणि माझ्यात हा कोण लपून बसलाय, निदान एक खोकला तरी पाठव. मामा रोज दारात डबा ठेवायचे, मामीचं कालवण असायचं, आणि लांब फणसाखाली उभे राहून विचारायचे, वास येतोय? मी आतून ओरडायचे, येतोय. आता त्याचा काही उपयोग नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते परत विचारायचेच. मी परत सांगायचे.

चुलत बहिणीचे फोटो चालूच होते. आता खाली लिहायची, 'मांदेली वाट बघतेय', आणि एका फोटोत तिनं नुसता तळहात दाखवला होता, धपाट्यासाठी तेल लावलेला.

पुढची टेस्ट निगेटिव्ह आली. मॅडमनी तरी चार दिवस जास्त थांबवलं, मग कागद हातात दिला आणि म्हणाल्या, जा. बाकीच्या स्टाफच्या पुढच्या टेस्टही निगेटिव्ह आल्या होत्या. गेटवर मामा होते, नुसती बंदूक घेऊन. म्हणाले, कपाळ दाखव. आणि मग हळूच, मॅडम बघत नाहीत ना ते बघून, हाताला बोंबलाचा वास होता त्यांच्या, तो हात लांबूनच माझ्या नाकासमोर हलवला.

बारसं झालं. पाळण्याला झेंडूची माळ, ओटीवर मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, घुगऱ्यांचं पातेलं कोपऱ्यात. वहिनीनं बाळ पुढे केलं. मी हात धुतले, परत धुतले, आईनं तांब्या हिसकावून घेतला म्हणून थांबले. वाकले. समोर तोच कान. फोनमध्ये वाटायचा त्याच्यापेक्षा लहान, आणि त्याच्यावर बारीक बारीक लव. मी मास्क खाली केला. कुर्रर्र केलं आणि इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं नाव त्या कानात सोडलं.

आणि पाठीत पहिला धपाटा पडायच्या आत बाळाला शिंक आली.

सगळं घर थांबलं. आईचा हात वर, काकीचा हात वर, चुलत बहिणीचा तेल लावलेला हात सर्वांत वर, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

मी वाकलेलीच होते. तशीच कमरेला हात घातला, तिथं खोचलेला घडीचा कागद काढला आणि मागे न बघता खांद्यावरून वर धरला. चुलत बहिणीनं तो घेतला. उलगडला. नीट वाचला. मॅडमच्या सहीपर्यंत वाचला.

"निगेटिव्ह हाय," ती सगळ्यांना म्हणाली. "मारा."